देवळालीची बार्न्स शाळा आणि 1954 चे परिपत्रक

तत्कालीन मुंबई राज्याच्या शिक्षण खात्याने 6 जानेवारी 1954 रोजी एक परिपत्रक काढले. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याच मुलांना प्रवेश द्यावा, इतर कोणाच्याही मुलांना देऊ नये, असा त्यातील मुख्य आदेश होता. भारतीय भाषा बोलणाऱ्या घरांतील मुलांचे शिक्षण भारतीय भाषेतून व्हावे आणि हिंदीचा प्रसार व्हावा, हा त्यामागचा सांगितलेला हेतू. राज्यातील ज्या मोजक्या शाळांना हा आदेश थेट जाऊन भिडला, त्यांपैकी एक नाशिकजवळच्या देवळालीत होती. बार्न्स हायस्कूल ही अँग्लिकन चर्चच्या परंपरेतून आलेली निवासी शाळा बॉम्बे एज्युकेशन सोसायटी ही खाजगी संस्था सरकारी अनुदान घेऊन चालवत होती. डिसेंबर 1953 मध्ये शाळेच्या पटावर 415 विद्यार्थी होते. त्यांतले 212 अँग्लो-इंडियन आणि उरलेले 203 अन्य भारतीय समाजांतले होते.

या दोन आकड्यांवरून परिपत्रकाचा परिणाम काय होणार हे शाळेच्या चालकांना लगेच उमगले असणार. निवासी शाळेचा हिशेब दिवसाच्या शाळेसारखा नसतो. पटावरची मुले निम्मी झाली म्हणून भटारखाना निम्मा होत नाही, रात्रीचा पहारा निम्मा होत नाही, आजारी मुलांच्या खोलीतली परिचारिका अर्ध्या पगारावर राहत नाही. नवे प्रवेश एका छोट्या आणि परदेशी निघून जाऊ लागलेल्या समाजापुरते उरले, तर काही वर्षांत शाळेला आपोआप टाळे लागले असते, आणि त्यासाठी सरकारला शाळा बंद करण्याचा आदेश काढावाही लागला नसता.

परंतु हे प्रकरण केवळ 1954 च्या एका आदेशाचे म्हणून पाहिले तर अर्धेच समजते. ही शाळा कोणाच्या मुलांसाठी आहे, हा प्रश्न तिच्या पूर्वेतिहासात अनेकदा उपस्थित झाला होता आणि दर वेळी त्याचे उत्तर शाळेच्या चालकांनी किंवा सरकारने दिले होते. 1954 मध्ये पहिल्यांदा प्रवेश नाकारलेल्या मुलांचे पालक स्वतः न्यायालयात उभे राहिले, आणि निकाल मुख्यतः त्यांच्या हक्कावर लागला. माझ्या मते या प्रकरणाचे खरे वेगळेपण तेथेच आहे.

मुंबईच्या किल्ल्यातून भायखळ्याला

शाळेची वंशावळ मुंबईच्या किल्ल्यातील सेंट टॉमस चर्चपर्यंत पोहोचते. गव्हर्नर जेराल्ड आँजिअरच्या काळात, 1676 च्या सुमारास, या चर्चचा पाया घातला गेला, पण भिंती थोड्याशा चढल्यावर काम थांबले आणि सुमारे चाळीस वर्षे ते तसेच पडून राहिले. ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मोपदेशक रिचर्ड कॉब 1714 मध्ये मुंबईत आला. त्याने वर्गणी गोळा करून काम पुन्हा सुरू केले आणि 1718 च्या नाताळात चर्च उपासनेसाठी उघडले. त्या दिवशी मुंबईतील बडे शेणवी गृहस्थ रामा कामती आपल्या ज्ञातिबांधवांसह आले होते आणि उपासना संपेपर्यंत उभे होते, अशी नोंद कॉबनेच करून ठेवली आहे. (याच कामतींवर पुढे दोन वर्षांत कान्होजी आंग्रे यांच्याशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून कंपनीने त्यांना तुरुंगात टाकले. पुरावा बनावट होता हे उघड होईपर्यंत ते हयात राहिले नाहीत.)

त्याच 1718 साली कॉबने चर्चजवळ एक लहानशी धर्मादाय शाळा काढली. बारा गरीब मुलगे, एक मास्तर, आणि मुलांचे राहणे, जेवण, कपडे व शिक्षण सगळे मोफत, एवढाच तिचा पसारा होता. शाळा निवासी होती, कारण ज्यांच्यासाठी ती काढली त्यांना धड घर नव्हते. आज निवासी शाळा म्हटले की श्रीमंतांची मुले डोळ्यांसमोर येतात, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

सुमारे शंभर वर्षे ही शाळा साधारण याच आकारात चालली. 1813 च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला बिशप आणि तिन्ही इलाख्यांना आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ धर्माधिकारी, नेमण्याची तरतूद केली, आणि मुंबईचे पहिले आर्चडीकन म्हणून जॉर्ज बार्न्स 1814 मध्ये आले. इलाख्यात विखुरलेल्या गोऱ्या सैनिकांची अनाथ व निराधार मुले शेकड्यांनी होती आणि बारा मुलांच्या शाळेने त्यांचे भागण्यासारखे नव्हते. बार्न्स यांनी 1815 मध्ये वर्गणीदारांची एक संस्था उभी केली. इलाख्यातील गरिबांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली ही संस्था पुढे बॉम्बे एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. जुनी धर्मादाय शाळा तिने आपल्याकडे घेतली आणि मुलींच्या शिक्षणाचीही सोय केली.

शिकवण्याची पद्धत अँड्र्यू बेल यांची होती. बेल यांनी ती मद्रासच्या लष्करी अनाथालयात बसवली होती. वरच्या वर्गातल्या हुशार मुलाने खालच्यांना शिकवायचे आणि मास्तराने सगळ्यांवर देखरेख ठेवायची, अशी ती रीत होती, आणि वाळूत अक्षरे गिरवणारी देशी शाळेतली मुले पाहून बेल यांना तिची कल्पना सुचली होती. धूळपाटीवर बाराखडी घोटून घेणाऱ्या आपल्या पंतोजींना यात नवे काही वाटले नसते. मद्रासेतून इंग्लंडला गेलेली ही पद्धत चर्चच्या शिक्का-मोर्तबासह मुंबईत आली.

सोसायटीच्या शाळांत एतद्देशीय मुलेही येऊ लागली, आणि येथे प्रवेशाचा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे पुढे आला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1819 मध्ये गव्हर्नर झाले आणि सोसायटीचे अध्यक्षही. एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी 1820 मध्ये सोसायटीने निराळी समिती नेमली, आणि 1822 मध्ये ते काम सोसायटीतून बाहेर काढून स्वतंत्र मंडळाकडे दिले. हेच मंडळ 1827 पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने चालले. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे तिचे एतद्देशीय चिटणीस होते, जगन्नाथ शंकरशेट तिच्या कारभारात होते, बाळशास्त्री जांभेकर तिच्या शाळेत शिकले आणि पुढे तिच्याच कचेरीत कामाला लागले. मराठी पाठ्यपुस्तकांची पहिली मोठी फळी याच मंडळाने उभारली. मराठी वाचकाला ही दुसरी शाखा चांगली परिचित असते, पण ती ज्या बुंध्यातून फुटली तो मात्र सहसा ठाऊक नसतो.

ही फारकत भांडणातून झाली नव्हती. ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेकडे हिंदू-पारशी मुलांचे शिक्षण सोपवले तर लोक बिथरतील, हे एल्फिन्स्टन ओळखून होते, आणि त्या काळाच्या मानाने तो निर्णय शहाणपणाचाच होता. मात्र त्यामुळे मूळ सोसायटी युरोपीय आणि मिश्र वंशाच्या मुलांपुरती उरली. पुढची सव्वाशे वर्षे या इलाख्यात शाळांची वाटणी समाजवार झाली, ती अशा व्यवहारी निर्णयांतून.

सोसायटीच्या शाळा 1825 च्या सुमारास किल्ल्याबाहेर भायखळ्याला हलल्या. तेव्हाचे भायखळा म्हणजे बागा, बंगले आणि मोकळी हवा. शतक संपेपर्यंत तेथे रेल्वे, कापडगिरण्या आणि चाळी आल्या, आणि 1896 च्या प्लेगने या भागातल्या दाट वस्तीची दशा साऱ्या जगाला दाखवली. शाळेत शिकणारी मुलेही बदलली होती. सैनिकांच्या अनाथ मुलांच्या जोडीला रेल्वे, तार, कस्टम अशा खात्यांत नोकरी करणाऱ्या अँग्लो-इंडियन कुटुंबांची मुले आली. बापाची बदली कधी भुसावळला, कधी इगतपुरीला, तर कधी सोलापूरला, अशा घरांना वसतिगृहाची शाळा ही चैन नव्हती.

देवळाली

भायखळ्याच्या धुरातून निवासी मुलांना बाहेर काढावे, हा विचार पहिल्या महायुद्धानंतर पक्का झाला. सर रेजिनाल्ड स्पेन्स आणि हेग-ब्राउन ही त्यामागची प्रमुख नावे. जागा निवडली ती देवळाली. घाट चढून गेल्यावर साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर कोरडी हवा, मुंबईहून सरळ येणारी रेल्वे, आणि शेजारी एकोणिसाव्या शतकापासूनची लष्करी छावणी. दार्जिलिंग किंवा उटीच्या शाळांसारखा थंड हवेच्या ठिकाणाचा थाट येथे नव्हता, पण रेल्वेतल्या नोकरदाराला परवडणारी आणि सुटीत मुलाला एका गाडीने घरी आणता येईल अशी ही जागा होती. 1925 मध्ये शाळा सुरू झाली आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या आर्चडीकनचे नाव तिला दिले गेले. भायखळ्याची शाळा दिवसाच्या विद्यार्थ्यांसाठी पुढे चालू राहिली.

सरकारी अनुदान या शाळांना भक्कम मिळत असे. 1919 च्या सुधारणांनी शिक्षण खाते भारतीय मंत्र्यांकडे दिले तरी युरोपीय व अँग्लो-इंडियन शिक्षण ‘राखीव’ विषयांत, म्हणजे गव्हर्नरच्या हाती ठेवले होते. नगरपालिकेच्या मराठी शाळेत एका मुलामागे होणारा खर्च आणि येथला खर्च यांत तफावत असणार, हे उघड होते, आणि त्याविषयी त्या काळच्या भारतीय नेत्यांची तक्रार रास्तच होती. स्वातंत्र्यानंतर ही मुभा एका रात्रीत काढून घ्यावी की हळूहळू, हा प्रश्न संविधान सभेपुढे आला. त्याचे उत्तर अनुच्छेद 337 मध्ये आहे. 31 मार्च 1948 रोजी संपलेल्या वर्षात जेवढे अनुदान होते तेवढे पहिली तीन वर्षे द्यायचे, पुढच्या प्रत्येक तीन वर्षांत ते दहा टक्क्यांपर्यंत कमी करता येईल, आणि दहा वर्षांनी ही खास सवलत संपेल. मात्र या अनुच्छेदाला एक परंतुक आहे. शाळेतील वार्षिक प्रवेशांपैकी किमान चाळीस टक्के प्रवेश अन्य समाजांच्या मुलांसाठी खुले ठेवले नाहीत, तर त्या शाळेला या अनुदानावर हक्क सांगता येणार नाही.

हे परंतुक म्हणजे साधा सौदा होता. सार्वजनिक पैसा हवा असेल तर दार उघडा, असे संविधानाने या शाळांना बजावले होते. बार्न्स शाळेने ते उघडले होते. पटावरच्या 203 मुलांनी शाळेचा जवळजवळ निम्मा भाग व्यापला होता. आणि चारच वर्षांनी राज्य सरकार त्याच शाळेला सांगत होते की दार बंद करा.

न्यायालयात

परिपत्रकानंतर दोन पालक आपल्या मुलांना घेऊन देवळालीला प्रवेशासाठी गेले. एक लष्करी अधिकारी होते. कुटुंब भारतीय ख्रिस्ती आणि मुलीची मातृभाषा इंग्रजीच असल्याचे त्यांचे म्हणणे होते. दुसरे गुजराती हिंदू डॉक्टर, त्यांना मुलाला इंग्रजी माध्यमात घालायचे होते. मुख्याध्यापकांनी दोघांनाही सरकारी आदेशावर बोट ठेवून नकार दिला. या दोन पालकांच्या दोन आणि सोसायटीची एक, अशा तीन याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाल्या.

पहिल्या पालकाची याचिका वरवर दुय्यम वाटते, पण आदेशातील विसंगती तिच्यामुळेच ठळक झाली. ज्यांची भाषा इंग्रजी आहे त्यांच्यासाठी इंग्रजी वर्ग राखून ठेवायचे, असे आदेश म्हणत होता. पण ‘ज्यांची भाषा इंग्रजी’ याचा अर्थ त्याने अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक असा बांधून टाकला होता. अँग्लो-इंडियन म्हणजे कोण, हे अनुच्छेद 366 ठरवतो, आणि तेथे कसोटी आहे पितृपरंपरेतील युरोपीय वंशाची. म्हणजे घरात इंग्रजी बोलणारी मुलगी बाहेर, कारण तिचे पूर्वज युरोपीय नव्हते. भाषेचे धोरण राबवता राबवता सरकार वंशाच्या कसोटीपर्यंत येऊन पोहोचले होते, आणि स्वातंत्र्याच्या सातव्या वर्षी हे घडत होते.

मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या खंडपीठाने फेब्रुवारी 1954 मध्येच आदेश अवैध ठरवला. (हेच छागला पुढे 1963 मध्ये केंद्रात शिक्षणमंत्री झाले.) सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 26 मे 1954 रोजी तेथेही हरले. परिपत्रक निघाल्यापासून अंतिम निकालापर्यंत पाच महिनेही लागले नव्हते, ही गोष्ट आजच्या पक्षकाराला खरी वाटणार नाही. शाळेच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांमध्ये नानी पालखीवाला होते. वकिलीत जेमतेम दहा वर्षे झालेल्या पालखीवालांचे संविधानाच्या क्षेत्रातील नाव येथून सुरू झाले.

निकालपत्र न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी लिहिले. सरकारची बाजू दोन युक्तिवादांवर टेकली होती. राज्याने चालवलेल्या किंवा अनुदान दिलेल्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे अनुच्छेद 29 चा दुसरा खंड सांगतो. सरकारचे म्हणणे असे की हा अनुच्छेद अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी आहे, तेव्हा बहुसंख्याकांतल्या डॉक्टरांना त्याचा आधार घेता येत नाही. न्यायालयाने हे मानले नाही. मजकुरात ‘कोणाही नागरिकाला’ असे शब्द आहेत आणि त्यांना विनाकारण आखूड करता येत नाही. बहुसंख्याक समाजातील नागरिकाच्या मुलालाही सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत याच तरतुदीचे संरक्षण आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर होता. प्रवेश भाषेच्या कारणावरून नाकारलाच नाही. राष्ट्रभाषेची वाढ व्हावी म्हणून नाकारला, असे सरकार म्हणत होते. न्यायमूर्ती दास यांनी येथे हेतू आणि साधन यांची फोड केली. आदेशाचा अंतिम हेतू कितीही चांगला असो, तो साधण्यासाठी प्रत्यक्षात काय केले जात आहे ते पाहायचे. ते साधन जर मुलाला त्याच्या भाषेमुळे दाराबाहेर ठेवण्याचे असेल, तर नकाराचे तात्काळ कारण भाषा हेच ठरते आणि हेतूची पुण्याई त्याला वाचवू शकत नाही. भेदभावाच्या पुढील कितीतरी प्रकरणांत कामाला येणारा हा विचार आहे, आणि या निकालातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भागही हाच.

सोसायटीच्या स्वतःच्या हक्काविषयीही न्यायालय बोलले. अँग्लो-इंडियन समाजाला आपली भाषा जतन करण्याचा आणि अनुच्छेद 30 नुसार आपल्या पसंतीच्या शाळा चालवण्याचा हक्क असेल, तर आपल्या शाळेत आपल्या मुलांना आपल्या भाषेतून शिकवण्याचा हक्कही त्यात आलाच. शिक्षणाचे माध्यम ठरवण्याच्या राज्याच्या अधिकाराला या हक्कापुढे तेवढ्यापुरती माघार घ्यावी लागेल. आणि अनुच्छेद 337 चे परंतुक ही केवळ अनुदानाची अट नसून या शाळांवर टाकलेले कर्तव्य आहे, त्यामुळे ते कर्तव्य पार पाडणे अशक्य करणारा आदेश टिकू शकत नाही.

निकालानंतर

सरकारचा हरलेला मुद्दा पूर्णपणे पोकळ होता असे मला वाटत नाही. मातृभाषेतून शिक्षण हा विचार शास्त्रशुद्ध आहे, आणि इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या मध्यमवर्गाने मराठी शाळांचे काय केले हे आपण सत्तर वर्षे पाहत आहोत. पण राज्याने उपाय निवडला तो चुकीच्या टोकाचा. मराठी किंवा गुजराती शाळा इतकी चांगली करायची की डॉक्टरांना देवळालीचा रस्ता धरावासा वाटू नये, हे काम लांबणीचे आणि खर्चाचे होते. परिपत्रक एका दिवसात टंकलिखित होत होते. शिवाय इंग्रजी शाळा केवळ अँग्लो-इंडियनांपुरत्या ठेवणे म्हणजे त्या समाजाला नव्या देशात मिसळू न देता त्याच्याच कुंपणात बसवणे होते. संविधानकर्त्यांनी चाळीस टक्क्यांची अट घातली ती नेमकी हे टाळण्यासाठी.

निकालाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उघडलेल्या दारातून जे आत आले, ते फी भरू शकणारे होते. 1960 मध्ये अनुच्छेद 337 ची मुदत संपली, खास अनुदान थांबले आणि अशा शाळांचा भार अधिकाधिक पालकांच्या खिशावर पडला. अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे जात राहिली, आणि त्यांच्या जागी व्यापारी, लष्करी अधिकारी, बागायतदार यांची मुले वसतिगृहात आली. शाळा टिकली खरी, पण ज्या गरिबांसाठी तिची मूळ संस्था उभी राहिली होती ते तिच्या हिशेबातून बाहेर गेले. हा निकालाचा दोष नव्हे. न्यायालयापुढे समाजाचा प्रश्न होता, पैशाचा नव्हता.

कायद्यात मात्र या प्रकरणाचा धागा पुढे चालू राहिला. 1958 मध्ये केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना दास, आता सरन्यायाधीश म्हणून, याच विषयाकडे परत आले. अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळेत बाहेरची काही मुले आली म्हणून तिचे अल्पसंख्याक स्वरूप जात नाही, असे त्यांनी मांडले. बार्न्स प्रकरणात जी मुले दाराशी आली होती, त्यांच्या प्रवेशाचा शाळेच्या स्वरूपाशी मेळ कसा घालायचा, याचे ते उत्तर होते. त्यानंतर बाहेरची मुले किती, यावर अनेक खंडपीठांनी डोके खपवले.

पैशाचा प्रश्न न्यायालयापुढे आला तो 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर. या कायद्याने खाजगी शाळांना पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना देणे भाग पाडले. 2012 मध्ये विनाअनुदानित आणि 2014 मध्ये अनुदानित अल्पसंख्याक शाळाही सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातून वगळल्या, आणि त्यासाठी आधार घेतला तो अनुच्छेद 30 चा, म्हणजे 1954 मध्ये बाहेरच्या मुलांसाठी दार उघडताना ज्याची साथ झाली होती त्याच अनुच्छेदाचा. महाराष्ट्रातून गेलेल्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या एका प्रकरणात 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 2014 च्या निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि हा मुद्दा मोठ्या खंडपीठापुढे ठेवावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला.